मृत्यूची रजा



गेल्या अंकात बँकेतील खात्यांच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येऊ लागले आहे; व्यापारी कुटुंबांत, विशेषतः एकत्र पेढी असलेल्या घरांत, ही सोय किती मोलाची आहे, असा त्या लेखाचा आशय होता. त्यावर इतवारीतून, गांधीबागेतून आणि अगदी अमरावतीहूनही दूरध्वनी आले. एका भगिनींनी बोलता बोलता सहज विचारले, “तुमची स्वतःची कागदपत्रे तर सगळी व्यवस्थित असतील ना?” मी तत्परतेने “हो” म्हणालो. ते उत्तर खरे नव्हते. त्याचा खुलासा करणे मला आवश्यक वाटते. परंतु त्यासाठी वाचकांना माझ्याबरोबर एका जुन्या चित्रपटापर्यंत यावे लागेल. या सदरात चित्रपटाचा विषय प्रथमच येत आहे, याबद्दल संपादकांनी क्षमा करावी.

माझी नात पुण्याला शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मनीषनगरला आली. नागपूरच्या मे महिन्यातील दुपार म्हणजे काय, ते विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगून समजणार नाही. अकरा वाजता दारे-खिडक्या लावायच्या, कूलरमध्ये पाणी भरायचे आणि सायंकाळची वाट पाहत पडून राहायचे. अशाच एका दुपारी तिने आपला लॅपटॉप घरातील दूरदर्शन संचाला जोडला आणि म्हणाली, “आजोबा, तुम्हाला जुने इंग्रजी सिनेमे आवडतात ना? हा बघा. सहसा मिळत नाही.” प्रत अत्यंत जीर्ण होती. रंग उडालेले, आवाज मध्येच खोल गेलेला. चित्रपटाचे नाव ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’, म्हणजे मृत्यू सुट्टीवर जातो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत मृत्यूची रजा.

हा चित्रपट चित्रपटगृहांसाठी तयार झालेलाच नव्हता. अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीने २३ ऑक्टोबर १९७१ रोजी, शनिवारी, तो दाखवला. त्या काळी तेथे खास दूरचित्रवाणीसाठी लहान चित्रपट काढण्याची पद्धत रूढ झाली होती. दीड तासाची वेळ, त्यातून जाहिराती वजा जाता सव्वा तासाच्या आसपास गोष्ट. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्रसुद्धा तेव्हा सुरू झालेले नव्हते. ते २ ऑक्टोबर १९७२ चे. असे चित्रपट एकदा-दोनदा दाखवले जात आणि मग बहुधा विस्मरणात जात. दिग्दर्शक रॉबर्ट बटलर. मृत्यूच्या भूमिकेत मॉन्टे मार्कहॅम, त्याच्या प्रेमात पडणारी तरुणी इव्हेट मिम्यू आणि तिच्या घरातील वृद्ध जोडपे म्हणजे मेल्विन डग्लस व मर्ना लॉय.

गोष्ट मात्र १९७१ ची नाही. अल्बेर्तो कासेल्ला या इटालियन लेखकाने १९२४ मध्ये हे नाटक लिहिले. १९२९ मध्ये ते इंग्रजी रूपात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले, १९३४ मध्ये फ्रेडरिक मार्चला घेऊन त्याचा चित्रपट निघाला आणि पुढे १९९८ मध्ये ब्रॅड पिट व अँथनी हॉपकिन्स यांचा ‘मीट जो ब्लॅक’ याच बीजातून उगवला. तरुण वाचकांनी निदान तो पाहिला असेल. बीज साधे आहे. मृत्यूला प्रश्न पडतो की, ही माणसे आपल्याला इतकी का भितात आणि जगण्यात असे काय आहे की ते सोडवत नाही. म्हणून तो कामावरून सुट्टी घेऊन मनुष्यरूपाने एका संपन्न घरी पाहुणा म्हणून येतो. मूळ नाटकात ही मुदत तीन दिवसांची आहे. तो रजेवर असेपर्यंत जगात कोणीही मरत नाही; अपघात होतात, पण माणसे उठून कपडे झटकतात. त्या घरातील एक मुलगी पाहुण्याच्या प्रेमात पडते. मुदत संपते. पाहुण्याला कामावर रुजू होणे भाग आहे, आणि मुलगी म्हणते, मी तुमच्याबरोबर येते. तो आपले खरे रूप प्रकट करतो, तर ती सांगते की, मला तुम्ही पहिल्यापासून असेच दिसत होतात.

नातीला तो शेवट फार भावला. मला तितकासा भावला नाही. विशीतल्या मुलीने मृत्यूच्या हातात हात देऊन निघून जावे, यात लेखकाला काव्य दिसले असेल; मला मागे राहिलेले तिचे आईवडील दिसत होते. माझे लक्ष सारखे त्या वृद्ध जोडप्याकडे जात होते. चित्रपट आला तेव्हा मेल्विन डग्लस सत्तर वर्षांचे होते आणि मर्ना लॉय सहासष्ट वर्षांच्या. दोघांनी १९४८ मध्येही एका चित्रपटात एकत्र काम केले होते. ती दोघे एका खोलीत नुसती बसलेली असली, तरी मला समोरचे तरुण प्रेम दिसेनासे होत होते.

आणि एक गोष्ट चित्रपट पाहताना मनातून जाईना. मृत्यू रजेवर गेला म्हणजे सर्वांचे कल्याण, असे क्षणभर वाटते. परंतु रुग्णालयात जो तडफडतो आहे त्याचे काय? त्याचीही वेदना तीन दिवस लांबली ना! माझ्या पत्नीला जाऊन चार वर्षे झाली. शेवटचे अकरा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. पहिले आठ दिवस मी बाहेरच्या बाकावर णमोकार मंत्र म्हणत मनातल्या मनात फक्त मुदतवाढ मागत होतो, जशी कर्जदार मागतात तशी, पुढच्या महिन्यापर्यंत, पुढच्या हंगामापर्यंत. नवव्या रात्री परिचारिकेने मला दोन मिनिटे आत जाऊ दिले. बाहेर आलो आणि मला मुदतवाढ नकोशी झाली. त्या रात्रीविषयी मी मुलाशीही कधी बोललो नाही. त्या धूसर चित्रपटात लोक मरत नाहीत म्हणून सगळे आनंदात होते तेव्हा मला तो बाक आठवला, आणि नातीने “पाणी आणू का आजोबा?” असे विचारले.

चित्रपट संपल्यावर ती म्हणाली, “हे तर सावित्रीच्या उलटं झालं. इथे मुलगी यमाबरोबर निघून जाते. तिथे यमाकडून परत घेऊन येते.” मला तिचे कौतुक वाटले. आमच्या घरी वटपूजेची प्रथा नाही. परंतु ज्येष्ठी पौर्णिमेला शेजारच्या बायका वडाला सूत गुंडाळायला निघाल्या की आमची मंडळीही सोबतीला म्हणून जात असे आणि परत येताना ओटीतले दोन आंबे घेऊन येत असे. “पूजा नाही केली, नुसती उभी होते,” असे आल्या आल्या मला सांगायची. आंबे मात्र गोड असत.

सावित्रीचे आणि पडद्याचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये लोकांपुढे आणला, त्यानंतरच्या त्यांच्या अगदी पहिल्या चित्रपटांत १९१४ चा ‘सत्यवान सावित्री’ आहे. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले तेव्हा जे तीन चित्रपट त्यांनी तेथे दाखवले, त्यांत हाही होता. लंडनच्या लोकांनी आपल्या यमाला पडद्यावर पाहून काय म्हटले असेल, याची कल्पना करून मौज वाटते. तो चित्रपट आज आपल्याला पाहायला मिळत नाही. एका गोष्टीकडे मात्र बँकवाला म्हणून माझे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. फाळक्यांनी १९१२ मध्ये चित्रपटाचे तंत्र आणि यंत्रसामग्री आणण्यासाठी विलायतेला जाताना पैसा उभा केला, तो स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून. आपल्या मृत्यूनंतर कुटुंबाच्या हाती यायचा पैसा त्यांनी जिवंतपणी चित्रपटात ओतला, आणि पहिल्याच चित्रपटात तारामती मुलाचे प्रेत घेऊन स्मशानात उभी राहिली, त्यानंतर वर्षभरात सावित्री यमाच्या मागे चालू लागली. मी मंजुरी अधिकारी असतो तर सिनेमा या नव्या धंद्यासाठी ते कर्ज मंजूर केले असते की नाही, हा प्रश्न मी स्वतःला न विचारलेला बरा.

सावित्रीची कथा आपण ज्या रूपात ऐकतो त्यात ती यमाला शब्दांत पकडते. शंभर पुत्रांचा वर मागून घेते आणि मग म्हणते, पतीवाचून पुत्र कसे होतील? महाभारताच्या वनपर्वात ही गोष्ट अधिक बारकाईने येते. नारदांनी आधीच सांगितलेले असते की सत्यवानाचे आयुष्य एक वर्षाचे आहे. ती ते जाणून त्याला वरते. यम प्राण घेऊन निघाल्यावर ती मागोमाग चालते आणि म्हणते की, सात पावले बरोबर चालले की मैत्री होते. यम तिच्या बोलण्यावर प्रसन्न होऊन एकेक वर देतो. सासऱ्यांची दृष्टी, सासऱ्यांचे राज्य, पित्याला शंभर पुत्र, तिला स्वतःला शंभर पुत्र. प्रत्येक वेळी एक अट लावलेली असते, सत्यवानाचे जीवित सोडून काहीही माग. पाचव्या वेळी यम ही अट घालत नाही. सावित्रीच्या ते तत्काळ ध्यानात येते. तीस-पस्तीस वर्षे करारनामे वाचण्यात गेलेल्या माणसाला या प्रसंगाचे फार मोल वाटते. चार वेळा ‘अपवाद वगळून’ लिहिले आहे आणि पाचव्या वेळी ते वाक्य नाही, हे पाहायला भान लागते; आणि तिला ते भान होते, तेही पती मेलेला असताना. रुग्णालयाच्या काउंटरवर संमतिपत्रावर सही करताना मी एक अक्षरसुद्धा वाचले नव्हते.

परंतु कासेल्लाचे नाटक असो की सावित्रीची कथा, दोहोंत मृत्यू ही एक व्यक्ती आहे. तो पाहुणा होऊ शकतो, त्याच्याशी बोलता येते, घासाघीस करता येते, वर मागता येतो. आपल्या परंपरेत ही सोय नाही. आयुकर्म संपले की संपले. तेथे खिडकीपलीकडे बसलेला कोणी नाही, ज्याला विनंतीअर्ज करावा. व्यापारी माणसाला हे पचायला जड जाते, कारण समोर कोणी तरी असेल तर भाव करता येतो, हे आपण पेढीवर बसून शिकलेलो असतो.

आपल्या परंपरेत प्रेम आणि मृत्यू यांची जी कथा मला सर्वांत थोर वाटते, ती रामलक्ष्मणांची आहे. विमलसूरींच्या प्राकृत ‘पउमचरिय’मध्ये आणि सातव्या शतकातील रविषेणाचार्यांच्या संस्कृत ‘पद्मपुराणा’त ती येते. वाचकांपैकी अनेकांनी ती स्वाध्यायात ऐकली असेल. तरीही थोडक्यात सांगतो, कारण त्या दुपारनंतर मी ग्रंथ काढून ते प्रकरण पुन्हा वाचले आणि मला ते पूर्वी कधीच नीट समजले नव्हते असे वाटले. दोन देव या भावांच्या प्रेमाची परीक्षा पाहायला येतात आणि राम गेल्याचा खोटा आक्रोश उभा करतात. ते ऐकताच लक्ष्मणाचा प्राण जातो. राम येतो, पण भाऊ मेला हे मानत नाही. तो लक्ष्मणाला स्नान घालतो, त्याच्या मुखाशी घास नेतो, त्याच्याशी बोलतो, त्याला खांद्यावर घेऊन फिरतो. सहा महिने. जो कोणी सांगेल की हा मेला आहे, त्याच्यावर तो रागावतो.

मग दोन देव येतात. एक पूर्वजन्मीचा जटायू. दुसरा रामाचा सेनापती कृतांतवक्त्र, ज्याने पूर्वी आज्ञेवरून सीतेला वनात नेऊन सोडले होते. कृतांत म्हणजे मृत्यू. मृत्यूचे मुख असलेला, असे त्या सेनापतीचे नाव. दीक्षा घेताना रामाने त्याच्याकडून वचन घेतलेले असते की, देव झालास तर माझ्या संकटकाळी मला सावध करायला ये. आता ते दोघे काय करतात? उपदेश करत नाहीत. वाळलेल्या झाडाला पाणी घालत बसतात. वाळू घाण्यात घालून तेल काढू लागतात. राम म्हणतो, हा काय वेडेपणा? मग त्यांच्यातला एक खांद्यावर प्रेत घेऊन समोरून चालत येतो. राम त्यालाही विचारतो. तो म्हणतो, आपणही तेच करीत आहात.

त्या उत्तरानंतर शरयूच्या तीरावर लक्ष्मणाचे दहन होते. पूर्वी हे वाचताना मी नेहमी मोहाचे उदाहरण म्हणून वाचत असे. या वेळी मला फक्त सहा महिने दिसले. एवढा ज्ञानी पुरुष, आणि सहा महिने! ग्रंथकारांनी ते झाकलेले नाही, कमीही केलेले नाही.

आता माझ्या खुलाशाकडे येतो. नोकरीची शेवटची काही वर्षे माझ्याकडे मृत खातेदारांच्या दाव्यांचे काम होते. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखीचा पुरावा. कागद पुरे असतील तर पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक. समोर खुर्चीत बसलेल्या विधवेला, विधुराला मी हळू आवाजात सांगत असे की, हे काम लवकर उरका, लांबवू नका, पुढे अडचण होते. सांगताना माझा आवाज मऊ असे, पण मान अर्जाकडे झुकलेली असे. एका वृद्ध व्यापाऱ्याने दाखला माझ्यापुढे ठेवला आणि तो परत मागे ओढून घेतला होता. “उद्या आणतो,” म्हणाला. मूळ दाखला पाहिल्याशिवाय काम होणार नाही, हे मी त्याला पुन्हा समजावून सांगितले. तो न समजल्यामुळे कागद मागे घेत आहे, असे मला वाटले होते.

माझे आणि पत्नीचे एक संयुक्त बचत खाते आहे. आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो. निवृत्तिवेतन त्याच खात्यात येते. ती गेल्यावर तिच्या नावावरच्या मुदत ठेवी मी नियमाप्रमाणे वर्ग केल्या. तो मुलाच्या सोयीचा प्रश्न होता. परंतु या खात्यावर व्यवहार करायला माझी एकट्याची सही पुरत होती, काही अडत नव्हते, म्हणून तिचे नाव तसेच राहिले. चार वर्षे पासबुकाच्या पहिल्या पानावर दोन नावे आहेत. भरण्याची पावती लिहितानाही मी दोन्ही नावे लिहीत आलो. तिचे नाव आधी, कारण खाते उघडताना तिने तसा आग्रह धरला होता. “तुमचं नाव सगळीकडे आधी असतं, एक तरी माझं असू द्या,” असे तिचे म्हणणे होते. आणि मी गेल्या महिन्यात या सदरात तुम्हा सर्वांना कागदपत्रे अद्ययावत ठेवण्याचा उपदेश केला.

चित्रपटानंतर तीन-चार दिवसांनी नात शाखेत पासबुक भरून आणायला गेली. उड्डाणपूल झाल्यापासून पूर्वीसारखे रेल्वे फाटकाशी तासभर तिष्ठत राहावे लागत नाही. ती अर्ध्या तासात परत आली. पासबुक माझ्यासमोर ठेवून तिने पहिले पान उघडले आणि बोट ठेवले. “आजोबा, आजीचं नाव अजून आहे.”

“असू दे,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने सूनबाईंना चहा ठेवायला सांगितले. तिने रामकथा वाचलेली नाही आणि माझ्यापुढे वाळू घाण्यात घालण्याचा तिचा मुळीच हेतू नव्हता, हे मला ठाऊक आहे.

पुढच्या सोमवारी मी दाखल्याची मूळ प्रत आणि तिची एक झेरॉक्स घेऊन शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी माझ्या नातीहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने मूळ प्रतीशी झेरॉक्स ताडून पाहिली, मूळ दाखला मला परत दिला आणि विचारले, “काका, नाव कमी करायचा अर्ज भरता येईल ना तुम्हाला?” असे शेकडो अर्ज मी लोकांना भरून दिले आहेत, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी अर्ज भरला. मृत खातेदाराशी नाते या रकान्याशी पेन थांबले. तो मी शेवटी भरला. नव्या अर्जाबरोबर नामनिर्देशनाचा अर्जही तिने पुढे केला. मुलाचे आणि नातीचे नाव लिहिले, निम्मे निम्मे.

नवे पासबुक तिने तिथल्या तिथे छापून दिले. जुने रद्द करायला घेतले, तेव्हा मी विचारले, ते मला परत मिळेल का? नियमाने मिळते, हे मला माहीत होते; तरीही विचारले. “हो काका, देते ना,” म्हणून तिने कात्रीने मुखपृष्ठाचा एक कोपरा कापला, पहिल्या पानावर ‘रद्द’चा शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत पासबुक उघडेच माझ्यासमोर ठेवले. शिक्का थोडा तिरका पडला होता. दोन्ही नावांच्या खाली, त्यांवर नाही.